बॅजरची आई: दोन महिन्यांच्या पिल्लांमागचं वर्षभराचं गणित

इंग्लंडमध्ये एप्रिल संपत आला की बॅजरची पिल्लं पहिल्यांदा बिळाबाहेर तोंड काढतात. पाहणाऱ्याला ती नुकतीच जन्मलेली वाटतात. खरं तर तोवर ती आठ ते दहा आठवड्यांची झालेली असतात, आणि ज्या गर्भातून ती वाढली तो बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्या वसंतापासून आईच्या पोटात असतो. म्हणजे आपल्याला जे दिसतं तो या सगळ्या खटाटोपाचा शेवटचा टप्पा. त्याआधीचं वर्ष जमिनीखाली आणि आईच्या पोटात गेलेलं असतं. ते समजून घेतलं, तर बिळाच्या तोंडाशी मिळणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत नेमकं काय पाहायचं हेही कळतं.

आधी प्राण्याची ओळख. युरोपातला बॅजर पाणमांजराच्या कुळातला. ठेंगणा, रुंद, राखाडी अंगाचा, पोट आणि पाय काळे, पांढऱ्या तोंडावर नाकापासून डोळ्यांवरून कानांपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे. पुढच्या पायांची नखं लांब आणि खोदण्यासाठीच घडलेली. नजर बेताची, नाक मात्र विलक्षण तीक्ष्ण. रात्री चरतो, दिवसा बिळात झोपतो. ब्रिटनमध्ये तो गटाने राहतो. एका गटात साधारण पाच-सहा मोठे बॅजर असतात, काही ठिकाणी बरेच जास्त. त्यांची बिळं म्हणजे बोगदे आणि खोल्या यांचं जाळं असतं. एकच बीळ पिढ्यानुपिढ्या, कधीकधी शंभराहून जास्त वर्षंही वापरात राहतं.

आता मूळ मुद्दा. मादी फेब्रुवारीत विते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा माजावर येते. पिल्लं अंगावर पीत असतानाच नराशी संग होतो आणि पोटात नवा गर्भ तयार होतो. एरवी अशा आकाराच्या प्राण्यात तो दोन महिन्यांत वाढून एप्रिल-मेमध्ये दुसरं वेत झालं असतं. बॅजरमध्ये तसं होत नाही. गर्भ थोडा वाढतो, पेशींची टाचणीच्या टोकाएवढी पोकळ गुठळी होते आणि तिथेच थांबतो. गर्भाशयाच्या अस्तरात रुजत नाही. आतल्या द्रवात नुसता तरंगत राहतो. वसंत जातो, उन्हाळा जातो, पानगळ होते, तरी तो तसाच. पाऊस येईपर्यंत बियाणं कणगीत जपून ठेवावं, तसा हा गर्भ डिसेंबरपर्यंत राखून ठेवलेला असतो. डिसेंबर संपताना तो अस्तराला चिकटतो, रक्तपुरवठा सुरू होतो, आणि खरी वाढ पुढच्या सहा-सात आठवड्यांत उरकते. फेब्रुवारीत पिल्लं जन्मतात.

जीवशास्त्रात याला विलंबित गर्भरोपण म्हणतात. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट नील या जीवशास्त्राच्या शिक्षकाने जंगलात बसून बसून बॅजर पाहिले, आणि रिचर्ड हॅरिसन या शरीरशास्त्रज्ञाबरोबर १९५८ साली त्यांच्या प्रजननाचा सविस्तर अभ्यास छापला. त्यातून हे वेळापत्रक नीट उलगडलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. मे महिन्यात बिळाबाहेर पिल्लांना चाटणारी आई दिसते, तेव्हा तिच्या पोटात पुढच्या वर्षीची पिल्लं आधीच असतात.

यात आणखी एक गुंता आहे. थांबलेला गर्भ पोटात असतानाही मादी पुन्हा माजावर येऊ शकते आणि तिला आणखी गर्भ राहू शकतो. म्हणून एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. जनुकीय चाचण्यांत तसं दिसलेलं आहे. बाप कोण हे गटातल्या नरांना कळायला वाव राहत नाही, आणि पिल्लांच्या जिवाला त्यामुळे थोडं संरक्षण मिळत असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

डिसेंबरमध्ये गर्भ रुजायला चालना कोण देतं? एक म्हणजे दिवसाची लांबी. फ्रान्समध्ये बंदिस्त बॅजर माद्यांना ऐन उन्हाळ्यात हिवाळ्यासारखे छोटे दिवस आणि थंडी दिली, तेव्हा गर्भ वेळेआधीच रुजले. दुसरी गोष्ट म्हणजे अंगावरची चरबी. मादी हडकुळी असेल तर गर्भ रुजत नाही, किंवा रुजूनही शरीर तो परत शोषून घेतं. निर्दय वाटेल, पण हिशेब सरळ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जमीन गोठलेली असते, बाहेर खायला फारसं मिळत नाही, आणि त्याच दिवसांत पोटातली पिल्लं वाढवायची, नंतर त्यांना दूध पाजायचं. हा सगळा खर्च शरद ऋतूत अंगावर साठवलेल्या चरबीतून करावा लागतो. शरदात ११-१२ किलोची असलेली मादी वसंतात ८ किलोच्या आसपास उतरते.

आणि ही चरबी येते कुठून, तर मुख्यतः गांडुळांपासून. बॅजर मिळेल ते खातो: भुंगेऱ्यांच्या अळ्या, फळं, गहू, मका, गांधीलमाशांची पोळी, सशांची पिल्लं, साळिंदराचा दूरचा भाऊबंद वाटावा असा काटेरी हेजहॉगसुद्धा. पण इंग्लंडच्या दमट कुरणांत त्याचं खरं अन्न गांडूळ. १९७० च्या दशकात हान्स क्रूक या डच शास्त्रज्ञाने ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात रात्रीच्या अंधारात अवरक्त दुर्बिणीतून बॅजर चरताना पाहिले. उबदार, ओलसर, वारा पडलेल्या रात्री मोठी गांडुळं अर्धी बिळाबाहेर येऊन गवतावर पसरतात, शेपटीचं टोक मात्र बिळात घट्ट रोवलेलं असतं. बॅजर नाक खाली घालून चालतो, गांडूळ पुढच्या दातांत पकडतो आणि हिसका देत नाही. हिसका दिला तर ते तुटतं आणि अर्धं बिळात जातं. तो ताण धरून ठेवतो, गांडुळाची पकड सैल झाली की अख्खं ओढून घेतो. चांगल्या रात्री दोनशेच्या वर गांडुळं पोटात जातात.

इथे वेळापत्रकाचा अर्थ लागतो. फेब्रुवारीत जन्मलेली पिल्लं एप्रिलमध्ये सर्वांत जास्त दूध मागतात, आणि एप्रिल-मेच्या ओल्या रात्री गांडुळं भरपूर असतात. मे संपताना पिल्लं स्वतः चरायला शिकतात, तेव्हाही जमीन अजून मऊ असते. मग पुढच्या हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढवायला त्यांना सगळा उन्हाळा आणि शरद मिळतो. जन्म दोन महिने उशिरा झाला असता तर पिल्लांचं दूध सुटण्याची वेळ कोरड्या जुलै-ऑगस्टवर आली असती.

बाळंतपणाची तयारी बाहेरून दिसते ती डिसेंबर-जानेवारीत. मादी एका खोलीत अंथरूण जमवते. वाळलेलं गवत, नेच्याची पानं, पालापाचोळा पुढच्या पायांनी ओढून छातीशी गोळा करते, हनुवटीने दाबून धरते, आणि पाठमोरी सरकत सरकत बिळात शिरते. वाटेत गवताच्या काड्या सांडतात. हिवाळ्यात बिळाच्या एका तोंडाशी ताज्या गवताची अशी रेघ दिसली तर आत बाळंतिणीची खोली तयार होतेय असं समजायला हरकत नाही. थंडीच्या सकाळी अशा तोंडातून वाफ येतानाही दिसते.

एका वेतात बहुधा दोन किंवा तीन पिल्लं असतात, क्वचित पाच. जन्मतात तेव्हा जेमतेम १२ सेंटीमीटर लांब, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. डोळे बंद, अंगावर पांढरट रेशमी लव आणि तिच्याखाली गुलाबी कातडी. तोंडावरचे पट्टे तेव्हाही पुसट दिसतात. डोळे उघडायला पाच आठवडे लागतात. तोवर जग म्हणजे आईच्या पोटाची ऊब, गवताचा वास आणि अंधार. सुरुवातीच्या दिवसांत आई फार थोडा वेळ बाहेर पडते, आसपास चरते आणि परत येते. खोलीत धोका वाटला तर पिल्लाला मानगुटीला धरून दुसऱ्या खोलीत, प्रसंगी दुसऱ्या बिळात नेते. जमिनीखालचं हे सगळं पुष्कळसं कळलं ते बंदिस्त बॅजरांसाठी बांधलेल्या कृत्रिम बिळांमुळे आणि आत बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे. नर या कामात कुठेच नसतो. बाळंतिणीच्या खोलीकडे आलेल्या इतर बॅजरांना ती दात दाखवून हाकलते.

हाकलण्याला कारण आहे. गटात प्रजननक्षम माद्या दोन-तीन असल्या, तरी सगळ्यांची पिल्लं वाढतात असं नाही. वरचढ मादी दुय्यम मादीची पिल्लं मारते, याच्या नोंदी आहेत. चारा मर्यादित आणि पिल्लं जास्त असली की असं घडतं. बॅजरच्या कुटुंबावर लिहिताना ही गोष्ट बऱ्याचदा गाळली जाते. मला ती गाळणं पटत नाही, कारण ती माहीत नसेल तर आई पहिल्या आठवड्यांत बिळाला इतकी चिकटून का राहते हे समजतच नाही. दुसऱ्या बाजूला असंही दिसतं, की काही गटांत एखादी बिनपिल्लांची मादी बिळाबाहेर पिल्लांजवळ थांबते, त्यांना चाटते. याला मदत म्हणायचं की नुसतं शेजारी असणं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मग येतो एप्रिल. आई आधी एकटी बाहेर येते. आली असं म्हणण्यापेक्षा तिचं नाक येतं: तोंडाशी काळं नाक वर-खाली हलत राहतं, हवा तपासतं, कधी पाच-पाच मिनिटं. शंका आली तर ती मागे सरकते आणि बराच वेळ परत दिसत नाही. सगळं ठीक वाटलं तर बाहेर येऊन बसते आणि पोट खाजवू लागते. इथे पाहण्यासारखी एक खूण आहे. दूध पाजणाऱ्या मादीच्या पोटावर सडांभोवतीचे केस चोखून चोखून झिजलेले असतात आणि सड सुजलेले, गुलाबी दिसतात. मागच्या पायांवर बसून ती खाजवायला लागली की ते स्पष्ट दिसतं. एरवी लांबून नर-मादी ओळखणं सोपं नसतं. मादीचं डोकं जरा निमुळतं आणि नराचं रुंद, इतकंच, तेही नेहमी खात्रीने नाही.

मी ज्या बिळाजवळ बसते ते ग्लॉस्टरशरमधल्या एका उतारावर, जुन्या बीच झाडांच्या मुळांत आहे. मेच्या एका संध्याकाळी आई बाहेर आली तेव्हा अजून बराच उजेड होता. तिच्यामागून एक पिल्लू आलं आणि सरळ तिच्या पोटाखाली शिरलं. दुसरं तोंडाशीच थांबलं, मान बाहेर काढून. तिसरं आलं ते दुसऱ्याच्या अंगावरून. आईने पहिल्याला पुढच्या पायाने खाली दाबलं आणि मान, कानामागची जागा दातांनी विंचरायला सुरुवात केली. पिसवा आणि गोचिड्या काढण्याचं हे काम बॅजर फार मनापासून करतात. पिल्लू सुटायला धडपडत होतं. सुटलं ते थेट एका कापलेल्या बुंध्यावर चढलं, आणि बाकी दोघांनी त्याला खाली ओढायचा खेळ मांडला. जो वर, त्याला पाडायचं. आई बाजूला होऊन अंगाला माती लागेपर्यंत लोळली. लांब कुठेतरी फाटक आपटल्याचा आवाज आला, आणि पुढच्याच क्षणी तिथे कोणी नव्हतं. आईने कसलाही मोठा इशारा दिल्याचं मला ऐकू आलं नाही. ती वळली, आणि पिल्लं तिच्या आधी आत होती.

बॅजर मुके नसतात. वायटमच्या संशोधकांनी त्यांच्या आवाजांचे सोळा प्रकार वेगळे केले. पिल्लांजवळ असताना आई घशातून हलकं घुर्रघुर्र करते, ते फार जवळ असल्याशिवाय ऐकू येत नाही. पिल्लांची किलबिल, कुरकुर आणि हरवलेल्या पिल्लाचं रडणं वेगवेगळं. पण त्यांची खरी भाषा वासाची आहे. शेपटीखाली एक ग्रंथी असते, तिचा स्राव बॅजर एकमेकांच्या अंगाला पार्श्वभाग टेकवून लावतात. गटातल्या सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. बाहेर पडू लागलेली पिल्लंही मोठ्यांच्या अंगाला घासून घासून तो वास उचलतात. मोठा बॅजर पिल्लावर क्षणभर बसल्यासारखा दिसला तर ते भांडण नव्हे. पिल्लू आपल्यातलं आहे अशी ती नोंद असते. गटाच्या हद्दीवर छोटे खड्डे खणून त्यांत विष्ठा टाकतात, तोही हद्दीचा निरोपच. क्रूक यांनी खाऊत रंगीत प्लास्टिकचे बारीक तुकडे मिसळून बॅजरांना खायला घातले आणि कोणत्या खड्ड्यात कोणता रंग सापडतो यावरून प्रत्येक गटाची हद्द नकाशावर काढली. ही पद्धत आजही वापरतात.

बॅजरची आई पिल्लांना सहसा बाहेरून खाऊ आणून देत नाही. कोल्ही तोंडात ससा धरून आणते तसं इथे होत नाही. साधारण बारा आठवड्यांपर्यंत मुख्य अन्न दूधच, काही पिल्लं त्यानंतरही महिना-दोन महिने अधूनमधून पितात. पुढचं सगळं आईच्या मागे फिरून शिकायचं: कुठलं कुरण, कुठली वाट, नाक कसं चालवायचं. म्हणून पाऊस इतका महत्त्वाचा. मे-जूनमध्ये कोरड पडली की गांडुळं खोल जातात, वरची माती टणक होते. आईच्या लांब नखांना ती खोदता येते, पिल्लांच्या नाही. त्या उन्हाळ्यांत पिल्लं उपाशी मरतात. शिवाय आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी पिल्लांना जुलाब लावून खंगवतो, आणि रस्त्यावर गाड्यांखाली जाणारे बॅजर वेगळेच. जन्मलेल्या पिल्लांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त पहिल्या वर्षातच जातात. एप्रिलमध्ये तीन पिल्लं मोजली आणि ऑगस्टमध्ये एकच दिसलं, तर ते नेहमीचंच आहे, कितीही वाईट वाटलं तरी.

पाहायला जायचं असेल तर सगळ्यात आधी वारा. तो बॅजरांकडून आपल्याकडे यायला हवा. उलटा असेल तर बसूच नये, घरी परतावं. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचावं, बिळाच्या तोंडांपासून बरंच लांब, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसावं म्हणजे आपली आकृती आकाशावर उठून दिसत नाही. बिळावरून चालू नये. पायाखाली खोल्या असतात. सळसळणारं जाकीट नको, अत्तर नको, डास पळवायचं मलमही नको. अंधारात लाल उजेडाचा टॉर्च त्यांना कमी खुपतो. आणि उठायचं ते सगळे चरायला निघून गेल्यावरच. पिल्लं बाहेर असताना आपण उठलो तर त्या संध्याकाळी आई पुन्हा बाहेर येण्याचं टाळते, म्हणजे तिचा चरण्याचा वेळ आपण खाल्ला. स्वयंचलित कॅमेरा झाडाला बांधून ठेवणं हा यापेक्षा चांगला उपाय. अवरक्त प्रकाशात पिल्लांचे खेळ रात्रभर टिपले जातात आणि आपला वास तिथे फारसा राहत नाही.

बिळाची जागा मात्र कोणाला सांगू नये. कुत्र्यांना बॅजरवर सोडून झुंज लावण्याचा खेळ इंग्लंडमध्ये १८३५ सालीच बंद झाला, पण चोरून तो आजही चालतो. १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्याने बॅजरला मारणं तर गुन्हा आहेच, वापरातलं बीळ मोडणं, त्याचं तोंड बुजवणं, आत असलेल्या बॅजरला त्रास देणं हाही गुन्हा आहे. घर किंवा रस्ता बांधायला बीळ हलवावंच लागलं तर परवाना घ्यावा लागतो, आणि तो साधारणपणे जुलै ते नोव्हेंबर याच महिन्यांसाठी मिळतो. कारण तेच: डिसेंबरपासून जूनपर्यंत आत गाभण मादी किंवा आईवर विसंबलेली पिल्लं असू शकतात. प्राण्याचं वेळापत्रक कायद्यात इतक्या नेमकेपणाने उतरलेलं क्वचित पाहायला मिळतं.

तरीही याच देशात २०१३ पासून सरकारी परवान्याने दोन लाखांहून जास्त बॅजर मारले गेले. गाईंच्या क्षयाचा जंतू बॅजरमध्ये १९७१ साली ग्लॉस्टरशरमध्येच सापडला, आणि तेव्हापासून शेतकरी, शास्त्रज्ञ, निसर्गप्रेमी यांच्यात वाद धुमसतोय. गाई चरून चरून गवत आखूड ठेवतात, आखूड गवतात गांडुळं सहज सापडतात, म्हणून बॅजरचं उत्तम कुरण आणि गाईचं कुरण एकच. ज्याच्या अख्ख्या गोठ्यातली जनावरं क्षयामुळे कापली जातात त्याचं दुःख खरं आहे. पण बॅजरसाठीची बीसीजी लस २०१० पासून उपलब्ध आहे. ती टोचायचं काम आधी जोरात व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात युरोपातला बॅजर नाही, पण त्याच कुळातला हनी बॅजर आहे, आणि तो आपल्या जंगलांत फार क्वचित दिसतो. त्याच्या आईची रीत पूर्ण वेगळी. कलहारी वाळवंटात कॉलीन आणि कीथ बेग या दांपत्याने काही वर्षं हनी बॅजरांच्या मागे फिरून त्यांचा अभ्यास केला. तिथे एका वेतात एकच पिल्लू, गट नाही, कायमचं बीळ नाही. आई दर काही दिवसांनी पिल्लाला तोंडात धरून नव्या बिळात हलवते आणि त्याला खायला आणूनही देते. पिल्लू वर्ष-सव्वा वर्ष तिच्यासोबत राहतं आणि त्या काळात जवळजवळ तिच्याएवढं होतं. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात दोन हनी बॅजर सोबत टिपले गेले, तर नर-मादीची जोडी अशी नोंद करण्याआधी फोटो मोठा करून पाहावा. ती आई आणि तिचं वाढलेलं पिल्लू असण्याची शक्यता जास्त.